मानकरणीला आधी विचारा

पडद्यावरचं ते गोल चाक फिरत होतं आणि आम्ही तीस जणी त्याच्याकडे बघत बसलो होतो. नाव टाकून झालं होतं, पासवर्ड टाकून झाला होता. बसूनं, म्हणजे माझ्या शेजारच्या बसवेश्वरीनं, तेवढ्या वेळात माझी एक वेणी सोडून परत घट्ट घालून दिली. मागच्या ओळीत कोणीतरी दबक्या आवाजात भेंड्या सुरू केल्या. चाचणी घ्यायला आलेले साहेब एकदा मनगटावरच्या घड्याळाकडे बघायचे, एकदा आमच्याकडे, आणि परत घड्याळाकडे.

शेवटी ते आमच्या कॉम्प्युटरच्या बागवान मॅडमना म्हणाले, "मॅडम, मुलींना दारातून आत यायलाच एवढा वेळ लागला तर पेपर कधी सोडवायचा त्यांनी?"

माणूस वाईट नव्हता. त्यांनी सांगितलं की शुक्रवारी परत येतो, एक संधी आणखी देतो. तेव्हा दहा मिनिटांत सगळ्या मुली आत आल्या तर आमची शाळा परीक्षेचं केंद्र. नाही आल्या, तर केंद्र कोल्हापूरला.

आता मी दहावीत आहे आणि कोल्हापूरला एकटी जाऊन येते, पण ही गोष्ट आठवीतली. तेव्हा कोल्हापूर म्हणजे आमच्या घरी परदेशच. ती परीक्षा होती विज्ञान शिबिराच्या निवडीची. निवड झाली की उन्हाळ्यात पुण्याला जायचं, खऱ्या प्रयोगशाळेत काम करायचं, दुर्बिणीतून शनीची कडी बघायची. मला त्या कड्यांनी अगदी वेड लावलं होतं. पप्पांनी मात्र स्पष्ट सांगितलं होतं की गावात परीक्षा असेल तर दे, कोल्हापूरला मी पाठवणार नाही. आमच्या हिरण्यकेशीच्या काठावरच्या गावात असे पप्पा एकटे माझेच नव्हते. तिसातल्या निम्म्या मुली कोल्हापूरचं नाव काढताच घरी बसल्या असत्या. म्हणजे माझा शनी आता त्या फिरणाऱ्या चाकाच्या पलीकडे होता.

साहेब गेल्यावर जो तो आपापलं कारण सांगू लागला. मोठ्या बाईंना खात्री होती की माकडांनी वायर कुरतडली. ऑफिसातले क्लार्क इंटरनेटच्या कंपनीला शिव्या घालत होते. बसूचं मत होतं की लॅबला नजर लागली आहे, कारण गेल्याच महिन्यात शेजारच्या हायस्कूलची मुलं येऊन "तुमची लॅब लई भारी" म्हणून गेली होती.

बागवान मॅडम टेबलाच्या खणातले भाजके शेंगदाणे खात सगळ्यांचं ऐकून घेत होत्या. नाझनीन बागवान त्यांचं पूर्ण नाव. जूनमध्येच निपाणीहून आमच्याकडे आल्या होत्या. स्कूटरवरून येताना ओढणी अशी गच्च बांधायच्या की फक्त डोळे दिसायचे, आणि हसल्या की तीन वर्ग सोडून पलीकडे ऐकू जायचं. त्यांनी कोणालाच चूक म्हटलं नाही. फक्त एवढंच विचारलं, "पोरींनो, एकदा आत शिरल्यावर कसं चालतं?"

आम्ही विचार केला. आत शिरल्यावर तर झकास चालायचं. चित्रं पटापट उघडायची.

"मग रस्ता मोकळा आहे," मॅडम म्हणाल्या. "अडलंय ते फाटकात. माकडं आणि कंपनी दोघंही सुटली."

मग त्यांनी आम्हाला ते फाटक समजावून सांगितलं. आमच्या लॅबमधल्या कोणत्याही कॉम्प्युटरला इंटरनेटवर जायचं तर मध्ये एका मशीनमधून जावं लागायचं. तिला प्रॉक्सी सर्व्हर म्हणतात. मॅडम तिला दारवान म्हणायच्या. दारवान प्रत्येकीला नाव आणि पासवर्ड विचारतो, पण मुलगी खरंच शाळेतली आहे का, हे त्याला स्वतःला माहीत नसतं. मुलींची नावं दुसऱ्या मशीनमध्ये असतात. तिथं माणूस पाठवून तो विचारतो, "ही आपली का?" तिकडून "हो" आलं की दार उघडतो. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत व्हायला हवं. आमच्याकडे तेवढ्यात वेणी घालून होत होती.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मॅडमनी मला आणि बसूला थांबवून घेतलं. मला का, ते तेव्हा कळलं नाही. मी त्या वेळी वर्गात असून नसल्यासारखी होते. सरांना हजेरी घेताना दोनदा नाव पुकारावं लागायचं, कारण माझं "हजर" पहिल्या बाकाच्या पुढं जायचंच नाही.

मॅडमनी मला सगळ्यात जुन्या, खरखर वाजणाऱ्या कॉम्प्युटरवर बसवलं आणि आत जायला सांगितलं. मोबाईलवर वेळ मोजली. मग नव्या कॉम्प्युटरवर बसवलं. मग स्वतःच्या लॅपटॉपवर. मग बसूच्या नावानं. दर वेळी तेवढाच वेळ. मी मनात म्हटलं, झालं, आता काही कळायचं नाही. पण मॅडमचा चेहरा असा खुलला होता की जणू कुणी पेढा दिला.

"नंदिनी, घरी भांडी घासायला तुला रोज अगदी सेकंदाला सेकंद तेवढाच वेळ लागतो का?"

मी मान हलवून नाही म्हटलं. कधी कढई करपलेली असते, कधी पाहुणे असतात.

"बरोबर. काम करणाऱ्याचा वेळ कमीजास्त होतो. इथं दर वेळी तेवढाच वेळ जातोय, म्हणजे कोणी कामच करत नाहीये. कोणीतरी नुसतं वाट बघत उभं आहे. ठरलेला वेळ संपला की नाद सोडतं आणि दुसरीकडे जातं."

माझ्या अंगावर काटा आला. त्यांनी अजून एक स्क्रूसुद्धा सोडवला नव्हता. नुसतं बघून, चार वेळा मोजून त्या एवढ्या आत शिरल्या होत्या. गणितात असं काहीतरी होतं तेव्हा मला होतं तसंच झालं, पण गणितात उत्तर पुस्तकाच्या मागे तरी असतं.

बुधवारी त्यांनी सगळ्या तीस जणींना एकदम बसवलं आणि सांगितलं की जी आत जाईल तिनं हात वर करायचा. मी माझ्या चाकाकडे बघायचं सोडून हातांकडे बघत बसले. बराच वेळ काहीच नाही, मग एकदम काही हात वर. परत सामसूम. परत काही हात. कुठंतरी हे आपण पाहिलं आहे असं मला वाटत राहिलं, आणि मग आठवलं.

"पंगत," मी म्हणाले.

कोणाला ऐकू गेलं नाही. मॅडमना गेलं. त्या थेट माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या की सगळ्यांना ऐकू जाईल असं सांग. माझे कान गरम झाले, पण सांगितलं. लग्नात पंगत उठल्याशिवाय दुसरी बसत नाही, तसं चाललंय. पाच जणी एकदम आत जातायत, मग थांबायचं, मग पुढच्या पाच. जिचा नंबर शेवटच्या पंगतीत, तिचे हाल.

मॅडमनी टाळीच वाजवली. दारवानाकडे विचारायला पाठवायची माणसं पाचच होती. पाचही जण कुठंतरी जाऊन उभे राहत होते, आणि ते परत येईपर्यंत मागच्या पंचवीस जणी ताटकळत. एकटीला वेणी घालण्याएवढा वेळ, तर शेवटच्या पंगतीला त्याच्या सहापट.

"आता एकच प्रश्न उरला," मॅडम म्हणाल्या. "हे पाच जण उभे कुणाच्या दारात राहतायत?"

ते दार आम्हा सगळ्यांनाच माहीत होतं. फक्त त्याचं नाव घ्यायचं धाडस कुणाला नव्हतं.

लॅबच्या मागच्या खोलीत मुलींची नावं ठेवणाऱ्या दोन मशीन होत्या. एक नवी, काळी, दोन वर्षांपूर्वी आलेली. दुसरी जुनी, पांढऱ्याची पिवळी पडलेली, कपाळाला हळदकुंकू, दसऱ्याच्या झेंडूची वाळकी माळ अजून अंगावर. तिला गावात मानकरीण म्हणत. शाळेत कॉम्प्युटर येणार नाही असं जेव्हा ठरल्यातच जमा होतं, तेव्हा दूध संस्थेच्या बायकांनी दिवाळीचा बोनस घरी न नेता ती मशीन शाळेला घेऊन दिली होती. त्यात माझी आजीसुद्धा होती. पुढं नवी मशीन घ्यायची वेळ आली, तेव्हा संस्थेच्या अध्यक्ष शिंत्रे अक्का अडून बसल्या. आमच्याकडे लक्ष्मीच्या यात्रेत रथाच्या दोराला पहिला हात मानकऱ्याचा लागतो, त्याशिवाय रथ हलत नाही. अक्कांचं म्हणणं तेच. नवी आणायची तर आणा, मुलींची नावं दोघींमध्ये ठेवा, पण दारवानानं आधी मानकरणीला विचारायचं, मग दुसरीला. बसवून देणाऱ्या माणसानं तसं करून दिलं.

आणि दोन वर्षं काही बिघडलं नाही. मानकरीण लगेच "हो" म्हणायची. बिघडली ती दिवाळीच्या सुट्टीनंतर. पण हिरवा दिवा लागत होता, पंखा फिरत होता, म्हणून कुणाला शंका आली नाही.

मॅडम तिच्यासमोर मांडी घालून बसल्या आणि लॅपटॉपवरून तिला एक प्रश्न पाठवला. आम्ही दोघी मागे उभ्या. प्रश्न पोचला. उत्तर आलं नाही.

"सरळ 'मला नाही माहीत' असं म्हणाली असती तरी बरं होतं," मॅडम म्हणाल्या. "ही दार उघडते, या बसा म्हणते, आणि आत जाऊन विसरून जाते."

बसूनं सुचवलं की वायर काढून टाकू. मॅडम म्हणाल्या, मग तर दारवान बंद दारासमोर उभा राहील, तेवढाच वेळ. त्याला सांगायला हवं की आधी नव्या मशीनकडे जा. त्याच्या सूचनांमध्ये दोन ओळींची अदलाबदल, एवढंच काम. दोन मिनिटांचं.

मग मी म्हटलं की मॅडम, आत्ताच करा ना, कुणाला कळणारसुद्धा नाही. माझ्या डोळ्यांसमोर शुक्रवार होता.

मॅडमनी ओठावरचं शेंगदाण्याचं टरफल पुसलं. "गुपचूप दुरुस्त केलेलं दुसरं कोणीतरी गुपचूप परत बिघडवतं, नंदिनी. उद्या कुणी बघेल, मानकरणीचा मान गेला म्हणून ओळी परत फिरवेल, आणि ऐन परीक्षेत चाक फिरत बसेल. अक्कांना सांगू. आणि सांगणार तू."

"मी?"

"पंगत कुणी ओळखली?"

त्या रात्री मला नीट जेवण गेलं नाही, हे सांगायला नकोच.

अक्का गुरुवारी सकाळी आल्या. सत्तरी ओलांडलेल्या, नऊवारी, हातात मोबाईल आणि छत्री, आणि आवाज असा की गोठ्यातली म्हैस उभी राहावी. मोठ्या बाई मागे मागे. मागच्या खोलीत येऊन अक्कांनी आधी मानकरणीच्या डोक्यावरून हात फिरवला, मग खुर्चीत बसल्या.

"कोण म्हणतंय ही चालत न्हाई? दिवा लागलाय की."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी पाठ करून आणलेलं सगळं विसरले. प्रॉक्सी, सर्व्हर, टाइमआउट, एक शब्द आठवेना. आणि काय झालं कोण जाणे, मी म्हणाले, "अक्का, तुम्ही मानकरीण व्हा."

"काय व्हऊ?"

"तुम्ही ही मशीन. बसू दारवान. मी दारात आलेली मुलगी. बसू तुम्हाला येऊन विचारणार, ही आपली का? तुम्ही सांगायचं."

मोठ्या बाईंचा चेहरा पडला. अक्कांना मात्र मजा वाटली. पदर सावरून ताठ बसल्या. बसू माझं नाव विचारून तिथवर धावत गेली आणि म्हणाली, "राजनंदिनी कुराडे. ही आपली का?"

अक्कांनी क्षणाचाही उशीर लावला नाही. "व्हय तर. सखूबाई कुराड्याची नात न्हवं ही? हिच्या आजीनं बोनस दिलता, आणि वर नवऱ्याचं बोलणं खाल्लं. घे तिला आत."

सगळ्या हसल्या. मीसुद्धा. आजीनं बोलणं खाल्लेलं मला माहीतच नव्हतं. पण मला पुढचं सांगायचं होतं.

"अक्का, तुम्ही लगेच उत्तर दिलंत. पूर्वी तीसुद्धा द्यायची."

"आणि आता?"

"आता ती हो म्हणत नाही आणि नाहीपण म्हणत नाही. बसू तिच्यासमोर उभी राहते. बसूच्या मागे आम्ही सगळ्या उभ्या राहतो. नवी मशीन शेजारीच आहे, तिला सगळं माहीत आहे, पण तिला विचारायची पाळीच येत नाही. शुक्रवारी असंच झालं तर परीक्षा कोल्हापूरला जाईल, आणि मला घरचे सोडणार नाहीत."

एवढं सलग मी आयुष्यात बोलले नव्हते. अक्का मशीनकडे बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळलं. मला वाटलं, आता रागावणार.

मॅडम पुढं होऊन म्हणाल्या की मशीन काढायची नाही, फक्त पाळी बदलायची आहे. अक्कांनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"माझ्या सासऱ्याकडं मान होता यात्रेचा," अक्का म्हणाल्या. "शेवटी शेवटी त्यांना उठवत न्हवतं. दोराला हात लावायला यायचे, पण रथासंगं चालणं जमंना. तर ते हात लावायचे आणि म्हणायचे, पुढं व्हा. मानकऱ्यानं पुढं व्हा म्हटलं की रथ चालला. त्यात मान कमी हुत न्हाई. मान त्याचाच असतो, म्हणून तर पुढं व्हा म्हणायचा हक बी त्याचाच." त्यांनी परत मशीनच्या डोक्यावर हात ठेवला. "हिला बोलता येत न्हाई. हिच्या वतीनं मी म्हणते. पुढं व्हा."

मॅडमनी खाली बघितलं. त्यांचे डोळे भरले होते का मला माहीत नाही, पण पुढची दोन मिनिटं त्या लॅपटॉपवर फारच वाकून काम करत होत्या.

मग त्या म्हणाल्या, "नंदिनी, आत जा."

मी नाव टाकलं, पासवर्ड टाकला, बटण दाबलं. चाक दिसलंच नाही. बसू ओरडली, मोठ्या बाईंनी कपाळाला हात लावून देवाचं नाव घेतलं, आणि अक्का म्हणाल्या, "झालं? एवढंच?"

पण मॅडमचं झालं नव्हतं. त्यांनी ओळी परत होत्या तशा केल्या आणि मला परत आत जायला सांगितलं. चाक फिरायला लागलं. अक्का वैतागल्या, बरं झालेलं परत का बिघडवलंस म्हणून. मॅडमनी शांतपणे सांगितलं की आपोआप सुधारलं की आपण केलं म्हणून सुधारलं, हे कळायला नको का. मग ओळी पुन्हा बदलल्या. चाक गेलं. त्यांनी मानकरणीचं नाव पुसलं नाही. दुसऱ्या ओळीत ठेवलं, आणि तिच्या दारात फार वेळ उभं राहायचं नाही अशी दारवानाला ताकीद दिली. मग मानकरणीची दुरुस्ती होईल का ते बघायला निपाणीच्या एका ओळखीच्या माणसाला फोन लावला.

मी त्यांच्याकडे बघत राहिले. हुशार माणसं मी पाहिली होती. आमचे गणिताचे सर हुशार होते, पण ते उत्तर आलं की थांबायचे. आपलंच उत्तर मोडून बघणारं माणूस मी पहिल्यांदा पाहत होते. आणि वर त्यांनी अक्कांना हरवलंसुद्धा नव्हतं. पुढं त्या शिबिरात मी शनीची कडी पाहिली, खरंच पाहिली, आणि ती सुंदर होती. पण शपथेवर सांगते, त्या गुरुवारी मागच्या खोलीत जे पाहिलं ते जास्त लांबचं होतं.

शुक्रवारी साहेब आले. अक्काही आल्या, मागच्या भिंतीला खुर्ची टाकून बसल्या. साहेबांनी मनगटावरच्या घड्याळात वेळ बघितली आणि सुरू करा म्हणाले. ते त्यांच्या खुर्चीपर्यंत पोचेपर्यंत हात वर जायला लागले. पंगती नाहीत, काही नाही, सगळ्या लॅबभर हातच हात. बसू आत. मागची ओळ आत. पहिली ओळ आत.

माझ्या पडद्यावर लाल अक्षरं आली. नाव किंवा पासवर्ड चुकीचा आहे.

मान वर केली तर लॅबमध्ये माझा एकटीचा हात खाली. मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता बोलतील. त्या वाकल्या आणि माझ्या कानात म्हणाल्या, "बघ, नाही म्हणायलासुद्धा आता वेळ लावत नाही."

आणि मला हसू फुटलं. भर चाचणीत, साहेबांसमोर, खळखळून. मंगळवारी हाच नकार ऐकायला मला वेणीभर थांबावं लागलं असतं. आता चुकलं ते तत्क्षणी कळलं, म्हणजे सुधारायला अख्खा वेळ माझ्याकडे होता. मी दोन्ही हात मांडीवर पुसले आणि एकेक अक्षर बघून पासवर्ड परत टाकला. दार उघडलं.

साहेबांनी परत घड्याळात बघितलं. कागदावर काहीतरी लिहिलं, मान हलवली, आणि मग लॅबकडे बघत विचारलं की सगळ्या एकदम आत गेल्या, एकच जण मागे राहिली, तिथं मशीनमध्ये काही अडचण आहे का.

मॅडमनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण तोवर मी उभी राहिले होते.

"नाही सर," मी म्हणाले. "सर्व्हर बरोबर होता. चुकले मी."